उंबऱ्याच्या आतले जोडे

माहं नाव सुखदेव, गाव कळमेश्वरच्या अलीकडे. गाव म्हंजे काय, वीस-पंचवीस घरं, अन् त्यातलं आमचं घर पार कडेले. बाप शेतात मजुरीले जाये, मी त्याच्या मागं मागं. रस्त्यात मालगुजाराचं, म्हंजे गावच्या जमीनदाराचं, घर लागे, तिथं आलं का बाप चपला काढून हातात घे, घर मागं पडलं का पुन्हा पायात घाले. मी विचारो, बाबा, काहून गा काढता? तो म्हने, रीत हाय, चाल गुमान. मंग नागपुरात दीक्षा झाली, बापानंबी घेतली, मान वर करून चालू लागला, पन त्या घरासमोर आलं का त्याचा हात आपसूक चपलेकडे जाये. सवय लय वाईट चीज हाय, काय सांगू तुमाले.

नागपुरात आलो अन् एका मिस्त्रीच्या हाताखाली वायरमनचं काम शिकलो. मिस्त्री रोज बजावे, सुखदेव, करंटचं काम उघड्या पायानं करशीन तर चार खांद्यांवर जाशीन. पन मले ते जमेच ना. लोकायचं घर, पुसलेली फरशी, कोपऱ्यात देव, तिथं आपन चपला घालून कसं शिरावं? मी उंबऱ्याबाहेर चपला काढो अन् मंगच आत जाओ. महाल म्हंजे नागपुरातली जुनी वस्ती, तिथल्या बाया म्हनत, वायरमन असावा तर असा, फरशीवर एक डाग नाई. दुसऱ्याले सोडून मलेच बोलवत. मले त्याचा लय गर्व होता, खोटं काहून बोलू. अन् चपला कशा, तर टायरच्या, गांधीबागेच्या कोपऱ्यावरच्या मोच्याकडून घेतलेल्या, खालून लोखंडी खिळे ठोकलेल्या, घासता घासे ना. याच्याहून मजबूत वस्तू दुनियेत नाई असं वाटे मले. पन त्या मजबूत चपला दारात, अन् मी आत.

आता नागपूरचा उन्हाळा तुमाले माहीत हाय. उन्हाळा म्हंजे कूलर, अन् कूलर म्हंजे पत्र्याचा डबा, त्यात पानी अन् करंट एकाच जागी. महालातच एक म्हातारी होती, सारे तिले माई म्हनत. तिचे मालक, आजोबा म्हनो मी त्यायले, खापरखेड्याच्या पावर हाऊसमधून रिटायर झालेले, कमरेखालून पाय गेलेले, खाटेवरच राहत. कूलर बंद पडला, ते तळमळून राहिले होते. त्यायचे हाल पाहून मी घाई केली. बटन बंद केलं, मेन स्विच नाई केलं. अन् आधीच्या कोन्या कारागिरानं तारा उलट्या जोडून ठेवल्या होत्या, म्हंजे बटन बंद असूनबी कूलरमंदी करंट चालूच. खाली कूलरचं पानी सांडलेलं, त्यात माहे उघडे पाय. हात लावला अन् चिकटलो. ओरडू म्हनलं तर आवाज निघे ना. डोळ्यासमोर शांता आली, माही बायको, लग्नाले वर्षबी झालं नव्हतं.

माई चहा घेऊन येत होती. तिनं कप टाकला, भिंतीले जेवायचा लाकडी पाट टेकवला होता तो उचलला, अन् दोन्ही हातानं माह्या कोपरावर असा हानला का मी सुटून तिकडे पडलो. हे कोपर थंडीत अजूनबी दुखते, पाहा. दुखलं का मी माईले हात जोडतो.

मी शुद्धीवर आलो तं माई वाकून माहे पाय पाहून राहिली होती. म्हने, तुझ्या चपला कुठे आहेत रे? म्हनलं, माई, दारात. का काढल्यास? म्हनलं, घरात देव हाय तुमच्या. माई चिडली, म्हने, देवाला काही होत नाही, तुझ्या बायकोला कोण तोंड दाखवणार होतं? अन् काय सांगू तुमाले, ती सोवळ्यातली म्हातारी दारात गेली अन् माह्या चपला सोताच्या हातात घेऊन आली. मी म्हनो, माई, ठेवा, ठेवा ना वं माई. ती ऐके ना.

आजोबा खाटेवरून म्हनले, उलट्या कर. उलट्या केल्या तं खिळे चमकले. म्हने, अरे, रबर असून उपयोग काय, ओल्यात खिळ्यातून करंट येतो. एका तुकड्याचा रबरी तळ घे, वर कापड, खिळा एकही नको. आणि जोडा घातला तरी आधी मेन बंद, जोडा म्हणजे जादू नाही. माई म्हने, तसा जोडा असल्याशिवाय माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही. चपला घालून येऊ नको म्हननारे लय पाहिले होते बाप्पा, घातल्याशिवाय येऊ नको म्हननारी हे पयलीच.

त्याच सांजेले शांता मले जोड्याच्या दुकानात घेऊन गेली. सांजेलेच घ्यावा जोडा, दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असते, सकाळी बरोबर बसलेला जोडा दुपारी चावते. मी जोडा घालून उकिडवा बसलो, बोटं दबतात का पाह्यलं, मंग दुकानातलीच शिडी लावून वर चढलो. तळ पातळ असला का शिडीची दांडी पायात घुसते, जाड असला का दांडी समजत नाई. दुकानदार म्हने, भाऊ, जोडा लेने आये हो या दुकान रंगाने? शांता पदर तोंडाले लावून हासे. चौथा जोडा जमला, खाकी किरमिचाचा.

दुसऱ्या दिवशी माईच्या दारात गेलो अन् पाय उचलेच ना. नवा जोडा, आजोबा आत घामानं भिजलेले, अन् मी उंबऱ्याबाहेर खांबासारखा उभा. माईनं कोरडं पोतं आनून टाकलं. म्हने, पूस आणि ये. पुसलं, मेन बंद केलं, अन् जिंदगीत पयल्यांदा जोडे घालून कोनाच्या घरात गेलो. कूलर फिरला, गार वाऱ्यात आजोबायले झोप लागली.

तवापासून ते जोडे फक्त लोकायच्या घरातल्या कामाचे. रस्त्याच्या चपला येगळ्या, हे जोडे शांतानं शिवलेल्या थैलीत. दारात तळ दाखवो अन् घालो. काही घरायनं नाई म्हनलं, मी परत आलो. गर्व गेला, जीव राह्यला.

म्हातारपनी बाप माह्याकडे राहाले आला. एक दिवस माईकडे सोबत नेला. तो दारातच चपला हातात घेऊन उभा राह्यला, मले जोड्यासकट आत जाताना पाह्यलं. माईनं आतून हाक मारली, बाबा, खाली ठेवा त्या, आत येऊन बसा, चहा ठेवला आहे. बाप आत बसला, चहा पेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं माहे जोडे मांडीवर घेऊन सोताच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तळ पुसून राहिला होता. म्हनलं, बाबा, काहून गा? म्हने, लोकायच्या घरात जातोस, साफ असले पायजे. मरेपर्यंत रोज पुसले त्यानं.

आता ना बाप हाय, ना माई, ना आजोबा. चौथी का पाचवी जोडी असन हे. शांता म्हनते, पुरे करा आता, पन अजून कोनी बोलावलं तं जातो. निघायच्या आधी जोडे उलटे करून पाहतो, मंग बापाच्या त्याच दुपट्ट्यानं तळ पुसतो. ज्यायनं मले आत घेतलं त्यायचं भलं हो, बस.