कारणाचा रकाना

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय हरीशराव मेश्राम, प्रमुख पाहुण्या आणि अडीअडचणीला आपल्या सगळ्यांच्या वकील असलेल्या नीनाताई, आजच्या सत्कारमूर्ती धम्मशीलाताई गजभिये, एजवेअरहून तीन गाड्या बदलून आलेली आणि इल्फर्डहून अजून वाटेत असलेली मंडळी, आणि हाउन्सलोच्या या हॉलमध्ये खुर्च्या लावण्यापासून चहा करण्यापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या माझ्या भावंडांनो, सर्वांना सविनय जय भीम.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यांनी घड्याळ काढून टेबलावरही ठेवलं आहे. मंडळाच्या इतिहासात सुभाष रंगारी दहा मिनिटांत खाली बसल्याची नोंद नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी माणसानं आशा सोडू नये.

पहिला प्रश्न असा, की धम्मशीलाताईंच्या निरोपाला माझ्यासारख्या माणसाला बोलायला का उभं केलं? ताई तेवीस वर्षं कौन्सिलच्या सीसीटीव्ही कंट्रोल रूममध्ये होत्या. कुठल्या कौन्सिलच्या, ते सांगायचं नाही असं त्यांनी मला फोन करून बजावलं आहे. परवा शुक्रवारी निवृत्त झाल्या, तरी नियम सुटलेला नाही. आणि मी कोण? मी तो माणूस, जो आपल्या 'शनिवारची चर्चा' या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली दहा वर्षं कॅमेऱ्यांच्या विरोधात लिहितो आहे. चेहरे ओळखणाऱ्या पोलिसांच्या गाड्या, फोनमधलं ओळखपत्र, खासगी संदेश उघडायला निघालेले कायदे, एकही विषय मी सोडला नाही. माझी पोस्ट नऊशे शब्दांची. ताईंचं उत्तर दोन ओळींचं.

मी लिहिलं, "माझ्या फोनमध्ये डोकावण्याचा अधिकार सरकारला दिला कुणी?" सत्तावीस जणांनी टाळ्या पाठवल्या. खाली ताईंची ओळ: "सुभाषभाऊ, मसुदा वाचला का? पान एकेचाळीस वाचा, मग बोलू." मी वाचला नव्हता. रविवारी वाचला. पान एकेचाळीस माझ्या म्हणण्यापेक्षा वाईट निघालं! ते मी त्यांना कळवलं, तर म्हणाल्या, "तेच म्हणत होते. भांडायचं तर नीट भांडा."

दुसऱ्या एका शनिवारी मी निनावी नजरेवर, पाळतीवर पेटून लिहिलं. ताईंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही या ग्रुपमधले स्क्रीनशॉट आणखी तीन ग्रुपवर टाकता. त्या लोकांना विचारता का?" त्या दिवशी मला ताप आला, असं मी ग्रुपवर कळवलं.

मी इतका पेटून का लिहितो, हे नव्या मुलांना सांगायला हवं. माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातल्या गावात राहायचे. नवं धोतर नेसलं की संध्याकाळपर्यंत चावडीवर खबर. मुलाला शाळेत घातलं, घरात पुस्तक आणलं, कोण पाहुणा आला, सगळ्याची खबर. आमच्यावर पाळत ठेवायला त्या गावाला वीजसुद्धा लागली नाही, कॅमेरा तर दूरच. पाहणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं, की बाबा रे, तू का पाहतोस? ती नजर चुकवून माणसं शहरात गेली, शहरातून या देशात आली. म्हणून कुणी मला म्हणतं, "ज्यानं काही केलं नाही त्यानं कशाला घाबरायचं?" तेव्हा माझं डोकं फिरतं. माझ्या आजोबांनी काय केलं होतं? धोतर नेसलं होतं.

टाळ्या नकोत. थांबा. टाळ्या घेण्यासारखं पुढं काही नाही.

तीन वर्षांपूर्वी मी ग्रुपवर जाहीर केलं, की या कंट्रोल रूमच्या भिंतींना गळती आहे, आणि मी ती सिद्ध करणार. ओळखीपाळखीवर चित्रण दाखवलं जातं, मेहुण्यासाठी, शेजाऱ्यासाठी, मित्रासाठी. मी माहितीच्या अधिकाराखाली कौन्सिलला अर्ज केला. गेल्या पाच वर्षांत ओळखीच्या माणसांकडून किती तोंडी विनंत्या आल्या, कोणत्या तारखांना, आणि किती मान्य झाल्या? वर ठणकावून लिहिलं, "उत्तर येईल ते एकही शब्द न बदलता इथं टाकीन."

आपले सचिव संघर्ष दर दोन महिन्यांनी विचारतात, "काका, उत्तर आलं का?" मी म्हणतो, "कौन्सिलचा कारभार! अजून नाही." तुम्ही हसता. एकदा ताईंनी खाली लिहिलं होतं, "कौन्सिल वीस दिवसांत उत्तर देते. पण टपालाचं काही सांगता येत नाही." तेव्हाही तुम्ही हसलात.

मित्रहो, उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं होतं. ते माझ्या खिशात आहे. दिलेला शब्द तीन वर्षं उशिरा पाळतो आहे. एकही शब्द न बदलता मराठीत सांगतो.

"नोंदवलेल्या तोंडी विनंत्या: एक. दिनांक: सतरा नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. मान्य केलेल्या: शून्य. नाकारण्याचं कारण: कायदेशीर आधार नाही. विनंती करणाऱ्याचं नाव: नोंदवलेलं नाही."

पाच वर्षांत एक. तो एक मी होतो.

हरीशराव, घड्याळ जरा उलटं ठेवा. आता मला घाई करता येणार नाही.

त्या आठवड्यात एका हितचिंतकानं मला सांगितलं होतं, "तुमची मुलगी गुरुवारी दुपारी टाऊन सेंटरला दिसली बरं का. एकटी नव्हती." आपल्या समाजातला सगळ्यात जुना कॅमेरा म्हणजे हितचिंतक. मुलीनं घरी सांगितलं होतं, की गुरुवारी ती कॉलेजच्या लायब्ररीत असते. मला दोन मुली आहेत, तनू आणि अन्वी. तेव्हा दोघीही कॉलेजात, दोघीही घरीच राहायच्या. यातली ही कोणती, ते मी सांगणार नाही. का, ते पुढं येईल.

सतरा तारखेला रविवारची वंदना झाली आणि मी ताईंना या हॉलच्या स्वयंपाकघरात गाठलं. त्या कप विसळत होत्या.

"ताई, एक छोटं काम होतं."

"बोला ना भाऊ."

"गुरुवार, चार ते पाच. बस स्टेशनसमोरचा तुमचा कॅमेरा. एवढंच सांगा, ती एकटी होती की नाही."

"ती कोण?"

"माझी मुलगी."

त्यांनी नळ बंद केला. "काही झालं का तिला? घरी आली नाही का? पोलिसांना आत्ता फोन लावू, मी येते सोबत."

"नाही नाही. बाहेर ताटं मांडते आहे."

"मग तिलाच विचारा ना."

"खरं सांगेल याची काय खात्री?"

ताई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही कॅमेरा नुसता वळवला तरी लिहावं लागते. कधी वळवला, कुणी वळवला, का वळवला. वहीत कारणाचा रकाना आहे. काय लिहू?"

"लिहा, बाप आहे."

"त्या रकान्यात 'बाप' चालत नाही."

मी चिडलो. आवाज चढवला. म्हणालो, "पोलिसांनी बघितलं चालतं, सरकारनं बघितलं चालतं, बापानं बघायचं म्हटलं की तुम्हाला कायदा आठवतो!" त्यांचा आवाज तेवढाच. म्हणाल्या, "मागच्या शनिवारी तुम्ही लिहिलं होतं, 'माझं जगणं कुणाला दाखवण्यासाठी नाही.' मला आवडलं होतं. ते फक्त तुमच्यासाठी होतं का?"

मग त्यांनी मला एक विसळलेला कप दिला आणि विचारलं, "चहा घेता का?"

मी घेतला नाही. सहा महिने त्यांच्याशी धड बोललो नाही. ग्रुपवर मात्र जोरात लिहीत राहिलो, आधीपेक्षा जोरात. विचार करा, या बाईंच्या हातात काय होतं! दर शनिवारी मी त्यांच्या नोकरीला शिव्या घालत होतो. एक ओळ पुरेशी होती, "सुभाषभाऊ, तो रविवार आठवतो का?" दहा वर्षांचा वाद एका ओळीत संपला असता, आणि मीही. त्यांनी ती ओळ लिहिली नाही. उत्तर आल्यावर शरमेनं मी त्यांच्या घरी गेलो. विचारलं, "माझं नाव का नाही लिहिलंत?" म्हणाल्या, "विनंती आली हे लिहिणं भाग होतं. नावाचं कारण नव्हतं. कारण नसताना मी नाव लिहीत नाही."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही फार मोठ्या मनाच्या." तर रागावल्या! "मन वगैरे काही नाही भाऊ. सोमवारी ड्यूटीवर गेले तेव्हा ते चित्रण तिथंच होतं. मलाही वाटलं, बघावं. पोरीची काळजी मलाही होती. हात माउसवर होता. मग समोर वही दिसली."

माझं मत बदललं का, असं कुणी विचारील. मुळीच नाही! उलट पक्कं झालं. इतकी सज्जन बाई, आणि तिचा हात माउसवर गेला. इतका तत्त्वांचा पुतळा, आणि तो स्वयंपाकघरात चार ते पाचची चौकशी करत उभा. उद्या त्या खुर्चीवर कोण बसेल, आपल्याला ठाऊक नाही. उद्या यंत्र बसेल, आणि ते तर चेहऱ्यावरून नावही स्वतःच शोधील. त्याच्यासमोर वही कोण ठेवणार? हे मी विचारत राहीन, सरकार कुणाचंही असो. फक्त आता पान एकेचाळीस वाचून विचारीन.

ताईंनी आपल्यालाही एक रकाना दिला आहे. जयंतीचे फोटो फेसबुकवर गेले आणि आपली एक भगिनी रडत आली, आठवतं? ती लंडनमध्ये आहे हे कुणाला तरी कळायला नको होतं. त्यावर मंडळात दोन तास चर्चा झाली, त्यातला पाऊण तास मी बोललो. ताईंनी सिंधुबाईंच्या पर्समधून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं आणि म्हणाल्या, "ज्याला फोटोत यायचं नाही त्यानं नावाच्या बॅजवर एक टिकली लावायची. बाईनं, पुरुषानं, कुणीही. का लावली, ते विचारायचं नाही." तेव्हापासून दारात बॅजशेजारी टिकल्या असतात. अध्यक्षमहोदयांनीही आज लावली आहे. मागच्या वर्षी जिलेबीसकट त्यांचा फोटो घरी पोचला होता. पण का, ते आपण विचारायचं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी मी ताईंना सांगितलं, की निरोपाच्या दिवशी हे सगळं उघड बोलणार आहे. मला वाटलं, भारावतील. त्यांनी विचारलं, "मुलीला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. बघा! सहा वर्षांनी मी पुन्हा तेच करायला निघालो होतो.

गेल्या रविवारी तिला समोर बसवून सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं मराठी इथलं आहे, मला ते फार गोड वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

"बाबा, तू मला फॉलो केला?"

"नाही गं. करता आलं नाही."

"करता आला नाही, म्हणून नाही केला? ते वेगळा आहे, बाबा."

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"आणि मी तुझे सगळे पोस्ट लाइक करत होते," ती म्हणाली. "सगळे!"

मग म्हणाली, "ओके, बोल तू. धम्मशीलामावशीसाठी बोल. पण दोन कंडिशन. एक, माझा नाव नाही घ्यायचा. दोन, 'बापाचं काळीज' वगैरे बोलून लोकांना रडवायचा नाही."

दोन्ही अटी मी पाळल्या आहेत, असं मला वाटतं. गुरुवारी ती कुठं जायची, हा प्रश्न त्या दिवशीही जिभेवर आला होता. विचारला नाही. मला अजून माहीत नाही. तनू आणि अन्वी दोघीही आज इथं आहेत, आणि दोघींनीही बॅजवर टिकली लावली आहे. संघर्ष, रेकॉर्डिंग चालू आहे ना? माझ्या बॅजवर टिकली नाही. माझं सगळं ठेव, काही कापू नकोस. पण कॅमेरा त्या रांगेकडे वळवू नकोस. वळवलास तर कारण लिहावं लागेल.

धम्मशीलाताई, तुम्ही माझी मुलगी माझ्यापासून राखलीत, आणि माझी लाज जगापासून. तेवीस वर्षं तुमच्या पडद्यावर लोकांच्या खिडक्यांच्या जागी, घरात डोकावता येऊ नये म्हणून, करडे चौकोन होते, असं तुम्ही एकदा ग्रुपवर लिहिलं होतं. त्यातला एक चौकोन माझ्या घरावर होता. त्याच्या आड आम्ही निवांत जगलो. त्याचे आभार मानायला आज उभा आहे. सहा वर्षांपूर्वी नाकारलेला तो चहाही आज घेणार आहे, तुमच्या हातून नाही, मी करून आणीन.

मंडळानं बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी घड्याळ उलटं ठेवलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. वेळ जास्त घेतला, तो दोष अध्यक्षांनी पोटात घालावा. शब्द कमी-जास्त झाला असेल, तो तुम्ही घालावा. त्या रविवारच्या चुकीची माफी जिच्याकडे मागायची, तिच्याकडे मागितली आहे. ती म्हणाली, "बघू." त्या 'बघू'बद्दलही मी तिचा मनापासून आभारी आहे.

जय भीम.