घरच्या कुकरला असं करशील का?

कुकरवाला : झाकण वाकलंय हे मलाही दिसतंय. वाकलं कसं, ते विचारतोय.

फोरमन : जास्त भरला गेला असेल. डाळ होती.

कुकरवाला : असेल, की होता?

फोरमन : होता. बायकोनं भरला होता. जास्त भरला, असं लिहा.

कुकरवाला : लिहितो. इथे येणाऱ्या प्रत्येक कुकरला मी चिठ्ठी बांधतो. कुणाचा, काय बिघडलं, का बिघडलं. बॉयलरवरची सवय, जात नाही. तुमचं नाव विचारायला नको, फोरमनसाहेब.

फोरमन : ओळखलंत म्हणजे.

कुकरवाला : पायरी चढलात तेव्हाच. गिरणीच्या बॉयलरवर सात वर्षं तुमच्या हाताखाली काढली, पाठमोरे दिसलात तरी ओळखलं असतं. आणि हे ‘ओळखलंत’ काय मधेच? तेव्हा अरे-तुरे करायचात.

फोरमन : तेव्हाचं वेगळं होतं.

कुकरवाला : असू दे. कुणाला लागलं का?

फोरमन : तिचा उजवा हात भाजला. मनगटापासून कोपरापर्यंत. खालच्या कपाटातून ताटली काढायला वाकली होती, म्हणून तोंड वाचलं.

कुकरवाला : अरे देवा. कधी झालं हे?

फोरमन : सोमवारी. आज पाचवा दिवस.

कुकरवाला : शिट्ट्या होत होत्या?

फोरमन : एकही झाली नाही. एवढा वेळ झाला तरी होत कशी नाही, म्हणून ती जवळ गेली होती.

कुकरवाला : शिट्टीची नळी बघू. हं. उजेडाकडे धरतो, तुम्हीच सांगा, पलीकडचं दिसतंय काही?

फोरमन : नाही.

कुकरवाला : डाळीचा फेस वर येऊन आत वाळलाय. रोज झाकण लावायच्या आधी एकदा असं डोळ्यासमोर धरायचं, आरपार दिसलं तरच लावायचं. गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले. पण साहेब, नुसती नळी तुंबली म्हणून झाकण उडत नाही. त्याच्यासाठी तर सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवलेला असतो. वाफ कोंडली, तापली, की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. हे मी कुणाला सांगतोय म्हणा. झाकण इकडे द्या, उलटं करून बघतो.

फोरमन : उलटं कशाला? राहू द्या ना.

कुकरवाला : राहू द्या कसं? ... साहेब, हा बोल्ट आहे.

फोरमन : हो.

कुकरवाला : व्हॉल्व्हच्या जागी चक्क बोल्ट. वॉशर घालून, आतून नट आवळून. टेपसुद्धा आट्यांच्या दिशेनंच गुंडाळलीय, एक सुरकुती नाही. अशी टेप गुंडाळायला मला एकाच माणसानं शिकवलं होतं.

(फोरमनचा फोन वाजतो. बॉयलरच्या आवाजानं कान गेलेले, त्यामुळे तो स्पीकरवरच बोलतो.)

बायको : अहो, सापडलं का दुकान?

फोरमन : सापडलं.

बायको : मग त्यांना एक नीट विचारून घ्या, डाळ नेमकी कुठपर्यंत भरायची. मला आपलं वाटत होतं की मी अर्ध्यापर्यंतच घातली होती. पण जास्त झाली असेल असं तुम्ही म्हणालात, म्हणजे झालीच असणार. लेकही फोनवर चिडली, म्हणाली, आई, इतकी वर्षं कुकर लावतेस आणि अजून तुला अंदाज येत नाही? मला तर तोंड लपवावंसं वाटलं हो. कागदावर लिहूनच आणा. मी ओट्यावर चिकटवून ठेवते.

फोरमन : विचारतो.

बायको : आणि मलमाची वेळ होतेय. डाव्या हातानं मला नीट लावता येत नाही.

फोरमन : येतोच.

कुकरवाला : ठेवला त्यांनी?

फोरमन : ठेवला.

कुकरवाला : डाळ अर्धीच होती. आतला डाग बघा कुठपर्यंत आहे.

फोरमन : माहीत आहे मला.

कुकरवाला : माहीत आहे, आणि मला वर सांगताय, जास्त भरला लिहा?

फोरमन : दोन महिन्यांत दोनदा गेला तो व्हॉल्व्ह. मी म्हटलं, माल हलका आहे. ती म्हणाली, दुकानातून नवा आणून बसवा. मी म्हटलं, तीस वर्षं बॉयलर चालवलाय, मला कुकर शिकवू नकोस. मग डब्यात पडलेला बोल्ट होता, तो लावला. तिला सांगितलं, नवा बसवला.

कुकरवाला : दोनदा गेला म्हणजे नळी तुंबतेय, हेच तो बिचारा ओरडून सांगत होता.

फोरमन : बॉयलरवर हे मला झोपेत कळलं असतं.

कुकरवाला : मी तार बांधली होती तो दिवस आठवतो?

फोरमन : आठवतो.

कुकरवाला : रंगखात्याचे लोक वाफ द्या, वाफ द्या म्हणून डोकं खात होते आणि व्हॉल्व्ह सारखा उघडून वाफ सोडत होता. मी बांधला तारेनं. मूर्खपणाच तो. तुम्ही पकडलंत, सगळ्या पाळीला गोळा केलंत आणि मला एक प्रश्न विचारलात. काय विचारलंत?

फोरमन : जाऊ दे.

कुकरवाला : नाही, म्हणा.

फोरमन : ‘घरी आई जेवण रांधते. घरच्या कुकरला असं करशील का?’

कुकरवाला : काय हसले होते सगळे. नोकरी त्याच संध्याकाळी गेली, नाव मात्र चिकटलं. बाजारात कुणी भेटलं की, काय कुकर, कसं चाललंय? माझ्या लग्नात नवरीच्या भावानंही मला त्याच नावानं हाक मारली. शेवटी म्हटलं, कुकर तर कुकर. पाटीच लावली.

फोरमन : पाटी वाचूनच आलो. वाटेत दोन दुकानं लागली. तिथे मला कुणी ओळखत नाही, कुकर ठेवून निघून आलो असतो. मग वाटलं, नको, हे तुझ्यासमोरच ठेवलं पाहिजे. एवढं ठरवून पायरी चढलो आणि तोंड उघडलं ते तिच्यावर ढकलायलाच. मला माझीच किळस येतेय रे.

कुकरवाला : आता कसं ‘तुझ्यासमोर’ आलं. बसा. त्या दिवशी तुम्ही लॉगबुकात लाल शाईनं लिहिलंत ते बरोबरच होतं, साहेब. बॉयलरघरात आठ माणसं होती. त्याबद्दल मी तुम्हाला कधी दोष दिला नाही. तो प्रश्न मात्र लागला.

फोरमन : चुकलं माझं.

कुकरवाला : हं.

फोरमन : चिठ्ठीवरचं ते खोड. मी सांगतो तसं लिही.

कुकरवाला : इथे खोडून कुणाला कळणार? हे झाकण मी ठोकून सरळ करणार नाही, ते पुन्हा धड बसायचं नाही. भंगारात जाईल, चिठ्ठीही जाईल त्याच्याबरोबर. हा तुमचा बोल्ट तेवढा घ्या.

फोरमन : घरी गेलो की सांगतो तिला.

कुकरवाला : वाटेत दोन दुकानं लागतात म्हणालात. ठरवून तर इथेही आला होतात.

फोरमन : ... लावतो फोन.

बायको : हं, विचारलंत का हो? थांबा, मी कागद घेते.

फोरमन : कागद नको. डाळ अर्धीच होती. तुझं काही चुकलं नव्हतं.

बायको : मग उडालं कसं?

फोरमन : व्हॉल्व्हच्या जागी मी बोल्ट लावला होता.

बायको : नवा बसवला म्हणाला होतात की.

फोरमन : खोटं बोललो.

बायको : आणि हे त्या दुकानदारानं आज दाखवलं?

फोरमन : नाही. सोमवारी आवाज झाला तेव्हाच मला कळलं.

बायको : सोमवारी.

फोरमन : हो.

बायको : मला दवाखान्यात नेलंत तेव्हा माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, बाई, जपून करत जा, तेव्हाही तुम्ही शेजारीच उभे होतात.

फोरमन : होतो.

बायको : रोज दोन वेळा मलम लावताना फुंकर घालत होतात. मी लेकीला सांगत होते, माझ्या वेंधळेपणापायी बाबांना किती करावं लागतंय बघ.

फोरमन : लेकीला मी सांगतो. आजच सांगतो.

बायको : सांगा.

फोरमन : ऐकतेयस ना? मी निघालोच आहे. मलमाची वेळ झाली.

बायको : सावकाश या. मी लावून घेते डाव्या हातानं.