विकत घेतलेला सांगाडा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर लगेच नको. विकत घेतलेली वस्तू आपली कधी होते? पैसे मोजले की? कागदावर नाव चढलं की? — हसताय! तो खांबाला टेकून बसलेला गडी बघा, डोळे मिटून होकार देतोय. अहो काका, अजून कथा सुरू व्हायचीय!

तर आमच्या कोकणात एक अनंतराव कोचरेकर होते. एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी 'पुढे सरका, पुढे सरका' करण्यात गेली, आणि स्वतः मात्र भाड्याच्या एका खोलीतून दुसरीत सरकत राहिले! बायको शालनताई. अकरा घरं बदलली त्या माउलीने. अकरा चुली मांडल्या, अकरा मोडल्या. निवृत्तीनंतर गावाबाहेर जमिनीचा तुकडा घेतला, तर इकडे घरमालक म्हणाला — वैशाख संपायच्या आत खोली सोडा!

आता इतक्यात घर उभं राहतं होय? पण शेजारच्या गावात भिवा मेस्त्री म्हणून म्हातारा सुतार. त्याच्या घरामागच्या परड्यात एका घराचा नुसता सांगाडा उभा. किंजळीचे खांब, फणसाच्या तुळया, लाकडात लाकूड बसवलेलं, एक खिळा नाही! भिंती नाहीत, कौलं नाहीत, छपराचा कणा म्हणजे वरचं आढं, तेसुद्धा चढवलेलं नाही, तासून खाली ठेवलेलं. मेस्त्री विकायला तयार झाला. अनंतरावांनी तिथल्या तिथे व्यवहार केला.

मेस्त्री म्हणाला, "सांगाडो सोडवच्या दिवशी माका बोलव रे. एक गजाल सांगूची हा."

अनंतराव काय म्हणाले? "मेस्त्री, तुमचं काम संपलं. आता घर माझं, बघतो मी!" — ही कंडक्टरची जात! घंटी मारली की गाडी सुटली पाहिजे!

मजूर लावले, सांगाडा उतरवला, टेम्पोत घालून आपल्या जागेवर आणला. बघतात तर काय — प्रत्येक लाकडाच्या टोकाला पटाशीने मारलेले ओरखडे! कुठे एक, कुठे तीन, कुठे फुली. "शी! म्हाताऱ्याने लाकूड खराब केलं हो!" लगेच रंध्याचं मशीन बोलावलं. सगळी लाकडं घासली, वर तेल पाजलं. लाकूड असं झालं, की शालनताईंनी त्यात बघून कुंकू सारखं केलं!

तुमच्यात कोण सुतार बसलाय? — ते बघा, त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला!

उभारणीचा दिवस. पाहुणे आलेले, नारळ फोडला, खांब उभे केले, तुळई चढवली — टोक काही खाचेत जाईना! दुसरी आणली, ती सैल. तिसरी आखूड. अहो, ते ओरखडे म्हणजे खुणा होत्या! कुठलं टोक कुठल्या खाचेत, ते मेस्त्रीने लिहून ठेवलं होतं, आणि यांनी हौसेने पुसलं. खोली सोडायला उरले सहा दिवस. अनंतराव मटकन खाली बसले. पाहुणे? ते शिरा खाऊन निघाले!

शालनताई म्हणाल्या, "अहो, उठा. मेस्त्रींकडे जाऊ."

"मी नाही जाणार. काय तोंड दाखवू?"

"तुम्ही नका दाखवू. मागे उभे राहा, मी बोलते!"

गेले दोघं. मेस्त्री पडवीत बसलेला. शालनताईंनी सांगितलं, कुठलं लाकूड कुठे बसतं तेच कळत नाही. म्हातारा म्हणाला, "माज्यो खुणो खंय गेल्यो?" अनंतराव मान खाली घालून म्हणाले, "रंध्याने काढल्या." म्हातारा असा हसला, असा हसला, की ठसका लागला! मग काठी घेतली आणि निघाला.

डोळ्यांना धड दिसत नव्हतं त्याच्या. पण प्रत्येक लाकडावरून हात फिरवी आणि सांगे. "हो वायव्येचो खांब. हेच्या गाठीन माजी पटाशी मोडली." पुढे एका तुळईवर हात थांबला. "ही मधली. रुक्मिण पेज घेवन इली की हिच्यारच बसायची."

अनंतरावांनी विचारलं, "रुक्मिण कोण?"

"माजी बायल. तिच्यासाठीच बांधीत होतंय. आढां तासून झालां, आणि ती गेली. मगे हात उचलूक नाय."

मंडळी, अनंतरावांनी लाकूड ठोकून पाहिलं होतं, वाळवी बघितली होती, लांबी-रुंदी मोजली होती. पण घर अर्धंच का राहिलं, हे एका शब्दाने विचारलं नव्हतं! मला सांगतानासुद्धा लाज वाटते, कारण मीही नसतं विचारलं.

चार दिवसांत सांगाडा उभा राहिला. राहिलं आढं. अनंतरावांनी मेस्त्रीच्या हातात मोगरी दिली, आणि पाया पडून म्हणाले, "मेस्त्रीनू, हे तुम्हीच बसवा. तुमचं राहिलेलं पुरं करा, मग आम्ही राहायला येतो."

म्हातारा शिडी चढला. खाली शिडी कोणी धरली? अनंतरावांनी! शेवटची खुंटी ठोकली, तशी शालनताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "आता हे माझं घर."

आणि कागद? तो तर महिन्यापूर्वीच झाला होता!

आता तुमची पाळी. तुम्ही सगळे छपराखाली झोपता ना? ते छप्पर कुणी घातलं, त्या हाताचं नाव ज्याला ठाऊक असेल त्याने हात वर करा... एकही नाही? पेटीवाले, थांबा. एक नाव येईपर्यंत मी भजन सुरू करत नाही! आठवा!

काय म्हणालात आजी? जरा मोठ्याने!

"काशिराम गवंडी!"

वा माउली! ऐकलंत सगळ्यांनी? देवाचं नाव आता घेऊ, काशिरामाचं आधी घेऊन झालं. धरा सूर!