पान एकशे सतरा, ओळ दहावी

नाही, पण मी म्हणतो, माझी छत्री न्या, चष्मा न्या, बसमधली खिडकीजवळची जागा न्या, मी काही बोलणार नाही... पण माणसाची चूक? चूक कोणी उचलून नेतं का हो? माझी नेली! दिवसाढवळ्या, भरल्या सभागृहात, टाळ्या वाजवून नेली! आणि मी आपला उभा राहून ओरडतोय, "चूक माझी आहे हो, माझी!" तर मागचे एक गृहस्थ म्हणतात, "खाली बसा, स्टेज दिसत नाही."

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीसुद्धा म्हणाल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी प्रूफरीडर. छापखान्यात. एकतीस वर्षं. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि लाल पेनाने खुणा करायच्या, हे माझं काम. तुम्ही कधी एखाद्या प्रूफरीडरचं नाव ऐकलंय? नाही ना? ऐकणारच नाही! पुस्तक चोख निघालं की लोक म्हणतात, वा, काय लेखक आहे! आणि एक वेलांटी इकडची तिकडे झाली की, "प्रूफं कुठल्या गाढवाने तपासली?" म्हणजे बरोबर असेल ते लेखकाचं, चुकलं तर आपलं. मान्य! तक्रार नाही! पण त्या वाटणीत आपल्या वाट्याला काहीतरी येत होतं की नाही? आणि तेसुद्धा मी एकतीस वर्षं घेतलं नाही. एकदाही शुद्धिपत्रक लावायची वेळ आणली नाही. शुद्धिपत्रक म्हणजे ती चिठ्ठी हो, पुस्तकाच्या शेवटी चिकटवतात, अमुक पानावर तमुक चुकलंय, क्षमस्व. आमच्याकडे त्या चिठ्ठ्यांसाठी आणलेला डिंक बाटलीतच वाळून गेला, तुम्हाला सांगतो.

तर एक दिवस आले एक साहेब. वजनमाप खात्यातून निवृत्त. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरलेले, म्हणून छापखान्यात सगळे त्यांना काटेसाहेब म्हणायला लागले. काखेत जाडजूड चौकटीची वही, आणि वहीवर पुस्तकाचं नाव, 'जग कोण टाइप करतं?' मी म्हटलं, आमची ऑपरेटर करते. हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मास्तर, हे टेबल खरं नाही."

मी टेबलावर हात ठेवला. होतं की!

"हे सगळं जगच खरं नाही. कोणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेला खेळ आहे हा. आपण त्यातली चित्रं. आणि त्या खेळाचा प्रोग्रॅम कुठे लिहिलाय माहितीये? आपल्या डीएनएमध्ये! चार अक्षरं. ए, टी, जी, सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द. कांद्यात तीच, उंदरात तीच, तुमच्यात तीच! म्हणजे लिहिणारा एकच की नाही?"

आता लिहिण्याची गोष्ट निघाली म्हटल्यावर मी विचारलं, "विरामचिन्हं?" म्हणाले, "पूर्णविराम आहे. तीन प्रकारचा." म्हटलं, "आणि स्वल्पविराम?" "नाही." तीनशे कोटी अक्षरं आणि एक स्वल्पविराम नाही! कुठल्या छापखान्यात झालं हो हे काम? तिथे एखादा जाणता माणूस नव्हता?

"होता ना!" काटेसाहेब म्हणाले. "मास्तर, प्रत्येक पेशीत तुमच्यासारखा एक प्रूफरीडर असतो. अक्षरांची नक्कल निघाली की तो तपासतो, चुकीचं अक्षर काढतो, बरोबर बसवतो." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की आपल्याशिवाय सृष्टीचं चालत नाही. मी विचारलं, "त्याच्या हातून सुटतात का चुका?" "अब्जात एखादी. आणि त्या सुटलेल्या चुकांमुळेच तर माशाचा माणूस झाला म्हणतात. मला ते पटत नाही. पस्तीस वर्षं काटे तपासलेत मी. काटा आपोआप चुकत नाही, मास्तर! काटा चुकला की समजायचं, खाली कुणाचं तरी बोट आहे. या जगाच्या काट्यात मला एक चूक सापडू दे, एकच... ज्याचं बोट आहे त्याला मी धरलाच!"

सापडू दे म्हणाले. आणि सापडायला ती माझीच सापडावी?

कारण त्या वहीत शेवटची चाळीस पानं नुसती अक्षरं होती. नुसती! ए-टी-जी, सी-सी-ए, जी-टी-टी, वरपासून खालपर्यंत, हाताने लिहिलेली. मी म्हटलं, साहेब, कॉम्प्युटरमधूनच द्या ना. तर म्हणतात, "कॉम्प्युटरवर माझा विश्वास नाही." म्हणजे अख्खं जग कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर विश्वास नाही! बरं, ही प्रूफं नुसती डोळ्यांनी वाचता येत नाहीत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर टिक करत जायचं. पूर्वी छापखान्यात त्यासाठी एक माणूस असायचा. आता नाही. म्हणून मी घरी आणली आणि बायकोला बसवलं समोर. दुपारची वेळ, पंखा चालू, ही वाचतेय "टी-टी-ए, सी-जी-ए, ए-ए-टी..." आणि मधेच, त्याच सुरात, "अहो, भांडी विसळायची राहिलीत, जी-टी-सी, ए-सी-ए..." मी 'भांडी'वरही टिक केली! चार दुपारी गेल्या. पाचव्या दुपारी, पान एकशे सतरा, नववी ओळ संपली आणि फोन वाजला. मेहुणीचा. हिच्या धाकट्या बहिणीचा. "ताई, तुला सांगते, आज तर कमालच झाली यांच्या आईची..." पाऊण तास! फोन ठेवून ही आली, वहीवर बोट टेकवलं आणि वाचायला लागली. मी टिक केली. सगळं जुळलं. पुस्तक छापून झालं.

महिन्याभराने काटेसाहेब छापखान्यात आले, हातात पुस्तक, बोट पानात. "मास्तर, पान एकशे सतरा. माझ्या वहीत ही ओळ एकदा आहे. इथे नववी ओळ आणि दहावी ओळ... एकच!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरी असो की नसो, सरकली! ऑपरेटर पोरीने ती ओळ दोनदा टाइप केली होती, डुलकी लागली असेल बिचारीला. एरवी ते सुटायचं नाही माझ्या हातून. पण घरी येऊन हिला विचारलं तर ही म्हणते, "फोननंतर ना? हो, वाचली असेन मी तीच ओळ पुन्हा. मला वाटलं तुम्ही सांगाल." सांगाल! छापलेलं दोनदा, वाचलेलं दोनदा, मी टिक केली दोनदा!

रात्रभर... नाही, रात्री झोपलो मी, कबूल करतो, पण सकाळी दात घासायच्या आधी शुद्धिपत्रक लिहिलं. 'पान ११७ वरील दहावी ओळ प्रूफरीडरच्या नजरचुकीने छापली गेली आहे. वाचकांनी ती वगळावी.' चार बोटांची चिठ्ठी. नवी डिंकाची बाटली आणली. एवढंच मागणं होतं माझं! चूक झाली, माझी झाली, मला ती माझ्या नावाने कबूल करू द्या. यात काही जास्त मागितलं का मी?

धाकटे मालक, यांच्या वडिलांनी मला कामावर घेतलेलं, ते म्हणतात, "काका, चिठ्ठीबिठ्ठी काही नको. साहेब खूश आहेत."

खूश? अहो, नाचत होते! "मास्तर, पोरीने दोनदा टाइप केलं. वहिनींनी दोनदा वाचलं. तीच ओळ! तुम्ही दोनदा टिक केलीत. तीन माणसं, एक ओळ! हे बोट नाही तर काय आहे?"

मी म्हटलं, "बोट नाही हो, फोन! मेहुणीचा फोन आला होता!"

"तिला फोन कोणी करायला लावला?"

"तिच्या सासूने! भांडण झालं होतं त्यांचं!"

"आणि सासूला भांडायला कोणी लावलं?"

"फ्रिजचं दार उघडं राहिलं होतं!"

"ते कोणी उघडं ठेवलं?" असं म्हणून हे गृहस्थ वर बघायला लागले. मीही बघितलं. वर ट्यूबलाइट होती. मी टेबलावर मूठ आपटली, म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे हो, माझी! माझं लक्ष नव्हतं! पंखा चालू होता, जेवण अंगावर आलं होतं, मी पेंगत होतो!" तर माझ्या खांद्यावर हात ठेवून इतक्या मायेने म्हणतात, "तुम्ही पेंगत नव्हता, मास्तर. तुम्हाला पेंगवलं."

पेंगवलं! अहो, एकतीस वर्षं जागा राहिलो ते कोणी जागवलं मग? त्याचा हिशेब कुठाय?

मग ते सभागृह. प्रकाशनाचा समारंभ. दीडशे लोक. काटेसाहेब माईकवर, "मी नऊ नंबरची ओळ लिहिली. दहा नंबरची ओळ कोणी लिहिली?" मी उभा राहिलो. "चूक माझी आहे हो, माझी!" तेव्हाच ते खाली बसा. तर काटेसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं आणि म्हणाले, "ज्या हातातून ती ओळ आली, तो हात हा!" टाळ्या! आणि मग रांग लागली हो माझ्यापुढे, पान एकशे सतरावर सही द्या म्हणून. एकतीस वर्षांत पुस्तकाच्या कुठल्या कोपऱ्यात माझं नाव आलं नाही, आणि आता सही! इतका संताप आला, खिशातलं लाल पेन काढलं आणि प्रत्येकाच्या पुस्तकातली दहावी ओळ खोडली. वगळा! वगळा! वगळा! तर लोक रांगेत मागच्यांना सांगतायत, "त्यांच्याकडून खोडूनच घ्या, सहीपेक्षा ते भारी आहे." मेहुणी पहिल्या रांगेत. ती तर हल्ली ओळखच अशी करून देते, "फोन केला होता ती मी." हिचं माझ्याशी दोन दिवस भांडण, का? तर "मेहनत मी केली, चाळीस पानं घसा कोरडा केला, आणि नाव तिचं!" घ्या! आमच्या घरात चुकीला तीन दावेदार, आणि ज्याची आहे त्याला कोणी विचारत नाही.

आता परवाची गोष्ट. पुस्तक संपलं, दुसरी आवृत्ती निघाली. मालकांनी प्रूफं पुढ्यात टाकली. "काका, नीट बघा हं, पान एकशे सतरावर चूक जागच्या जागी हवी. हलली तर जबाबदारी तुमची." मी पान उघडलं. ओळ एकदाच! ऑपरेटर पोरगी प्रामाणिक हो, तिला मनाला लागलं होतं, तिने गुपचूप फाइलमधली जास्तीची ओळ काढून टाकली होती. पान अगदी निर्दोष. मला तर भरून आलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि मालक मागून म्हणाले, "काका, चूक राहिली की!"

काय करणार? पेन उघडलं. एकतीस वर्षांत ज्या हाताने फक्त चुका काढल्या, त्या हाताने, समासात, स्वच्छ अक्षरात, ती ओळ पुन्हा लिहिली आणि बाण मारला. आणि मनात म्हटलं, जाऊ दे, एका अर्थी बरंच झालं. आता ना फोन, ना सासू, ना फ्रिज. जागेपणी, डोळे उघडे ठेवून, माझ्या पेनाने, माझ्या अक्षरात घातलेली चूक! आता कोण नेतो बघू! तेवढ्यात काटेसाहेब आलेच. मी पान त्यांच्यापुढे धरलं, म्हटलं, "साहेब, आता तरी म्हणा. ही चूक माझी आहे ना?"

त्यांनी चष्मा लावला, नववी ओळ बघितली, दहावी बघितली, एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिलं.

"चूक कसली, मास्तर? आता बरोबर झालं."

मी पेनाला टोपण लावलं. बरोबर झालं म्हणे... आणि बरोबर असेल ते कुणाचं, हे आता मी तुम्हाला सांगायला नको.