हिराकाकूचं तांबडं
माझा जलम शिरोलीचा, बाबा तिथं फौंड्रीत व्हतं, आन् लगीन होऊन मी आलो हिकडं गगनबावड्याच्या अंगाला. हसू नगासा, आमच्या कोल्लापुरात बाईमानूसबी आलो-गेलोच म्हनतंय. बाबा कामावरच छातीला हात लावून खाली बसलं, पित्त झालंय म्हनून कुनीतरी सोडा पाजला, आन् तेवढ्यात सगळं आटपलं. मी तवा नववीत. कुनाला काय कळलंच न्हाय की!

सासरी आल्यावर आरोग्याच्या कामाला लागलो, पोरांस्नी डोस पाजायचा, बाळंतिणी बघायच्या. मग एक दिस डॉक्टरबाईंनी बलवलं आन् हातात मोबाइल दिला, बटनाचा. काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात साधा फोन न्हाय आन् माझ्या हातात मोबाइल! बाई म्हनल्या, ह्यात मानसाचं वय भर, तंबाखू हाय का, साखर हाय का ते भर, दंडाला पट्टा बांधून बीपी बघ आन् त्यो आकडा टाक, मग फोनच सांगंल हृदयाला धोका किती त्यो. हिरवं आलं तर बेस, तांबडं आलं तर थेट दवाखाना. पयला पट्टा मालकांनाच बांधला, हिरवं आलं, आन् मी अंगनात नाचलो बगा!

आता हिराकाकूचं ऐका. शेतकऱ्याघरची, चार म्हशींची धार एकटी काढनारी, आवाज असा की पल्याडच्या शिवारात जावा. आम्ही बौद्ध, मी नवी नवरी असताना ह्याच काकूनं मला वरनं ओंजळीत पानी वतलेलं, खोटं कशाला बोलू. पिशवीतनं पट्टा काढला तशी तिनं माझ्या हाताकडं बगितलं, मग दंड म्होरं केला, म्हनली, बांध बाई. काकू, मिसरी किती डाव? चार डाव, न्हायतर सुचत न्हाय. आकडं टाकलं, तर तांबडं! तिचा ल्योक म्हनला, वयनी, बाईमानसाला कसलं आलंय हार्ट, फोन बिघडलाय तुमचा. परत पट्टा बांधला, परत तांबडं. काकू, छातीत दुखतंय व्हय? न्हाय गं, चढ चढताना दाबतंय, हातात कळ येती, पित्त हाय ते.

पित्त म्हनली आन् मी उंबऱ्यातच फतकल मारली. म्हनलं, भावजी, काकूला कोल्लापूरला न्हेल्याबिगार मी हितनं उठत न्हाय. गल्ली गोळा झाली, ल्योक तापला, शेवटी काकूच वरडली, अरं काढ गाडी, ही काय उठायची न्हाय!

दुधाच्या जीपमधनं न्हेली. डॉक्टर म्हनलं, हृदयाची शीर चोंदलीया, आनखी थोडं थांबला असता तर बाई हाताला लागली नसती. शीर मोकळी केली, जाळी बसवली, आन् आठ दिसांत काकू घरात! दुसऱ्या दिशी दार उघडतो तर भाईर सगळी गल्ली, आन् सगळ्यात म्होरं काकूचा ल्योक, बाही वर करून. म्हनला, वयनी, आदी माझं बगा.

तवापास्नं वाड्यावस्त्या पायी फिरतो. पाय दुखत्यात, पर काकू आजबी म्हशींवर वरडती, ते कानावर पडलं की दुखनं पळतंय. सगळ्यास्नी अशी उमर मिळू दे.

बरं पावनं, तुमचं वय किती? बाही वर सारा की. लिवायचं थांबवा, बोलूबी नगासा, आकडा चुकतोय.