इंटरव्ह्यूपुरते आजोबा

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, घाईत खोटं निघतं. माणूस घर घेतो, ते घरच्यांना जागा व्हावी म्हणून, की कुणाला तरी 'जागा नाही हो' असं सांगता यावं म्हणून?

बघा, आमचे पेटीवाले मान खाली घालून सूर शोधायला लागले. त्यांनी नुकताच फ्लॅट घेतलाय वाटतं!

ऐका तर. पुण्याच्या कडेला, रावेतच्या बाजूला, एक सोसायटी. नाव 'सुखसंगम हाइट्स'. अकराव्या मजल्यावर सुहास धायगुडे. बायको केतकी. सहा वर्षांचा मुलगा, रिवांश. नावाचा अर्थ विचारू नका मंडळी — बारशाच्या दिवशी तो मोबाईलमध्ये होता, पुढं मोबाईल बदलला!

दोन बेडरूमचा फ्लॅट, वीस वर्षांचं कर्ज. पगार एक तारखेला यायचा, पाच तारखेला हप्ता त्याला घेऊन जायचा. मधले चार दिवस सुहास श्रीमंत! आणि सोसायटीच्या जाहिरातीत काय नव्हतं? पोहायला तलाव, व्यायामशाळा, आणि 'ज्येष्ठ नागरिक कट्टा'. संगमरवरी बाकं, वर छप्पर. फक्त बसायला ज्येष्ठ सापडेनात. घरात असतील तर कट्ट्यावर येतील ना?

सुहासचे वडील यशवंत गुरुजी. झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर. सुहासला पहिलीत त्यांनीच शिकवलं, सारवलेल्या जमिनीवर बसवून. फीचा एक पैसा नाही! गुरुजींची बायको गेली, तेव्हा सुहासनं त्यांना मोठ्या मायेनं पुण्याला आणलं. माया खरी होती हं, उगाच नावं का ठेवा? दुसऱ्या बेडरूममध्ये आठ महिने राहिले, रिवांशचे आबा होऊन. मग केतकीला कळलं, की सोसायटीतल्या पोरापोराला स्वतःची खोली आहे आणि आपला रिवांश आईबापाच्या मध्ये झोपतो. असा मुलगा पुढं चांगल्या शाळेत टिकायचा कसा?

गुरुजींची कॉट हॉलमध्ये लावून पाहिली. सोफा मावेना. आता आला पेच! सोफा ठेवायचा की बाप? सोफा हप्त्यावर घेतलेला, दुकानदार परत घेईना. बाप परत जाण्यासारखा होता.

जा असं कुणी म्हणालं नाही. फक्त 'इथली हवा अण्णांना मानवत नाही' असं नवराबायको एकमेकांशी बोलू लागले, अण्णांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. गुरुजींनी आयुष्यभर पालकांची बोलणी ऐकलेली. त्यांना न समजायला काय झालं? म्हणाले, खरंच, हवा मानवत नाही. आणि लोणंदच्या पलीकडं आपल्या गावी गेले.

दीड वर्ष गेलं. रिवांशच्या पहिलीची वेळ आली. शाळा अशी, की तिचा पट्टेवालासुद्धा आपल्याशी इंग्रजीत 'थांबा' म्हणतो. अर्ज नऊ पानांचा. सातव्या पानावर एक रकाना — 'आजी-आजोबा घरात राहतात का? आमची शाळा एकत्र कुटुंबाच्या संस्कारांना महत्त्व देते. मुलाखतीला त्यांना सोबत आणावे.'

शेजारीण म्हणाली, मागच्या वर्षी याच रकान्यावर एकाचा प्रवेश गेला. झालं! सुहासनं 'होय'वर खूण केली आणि शनिवारी गाडी काढली, बापाला आणायला. दीड वर्षात पहिल्यांदा! आपण लग्नकार्याला शेजारची पातेली आणतो ना मंडळी? तसा बाप आणला. कार्य झालं, की घासूनपुसून परत!

रविवारी तालीम. मी इथंच राहतो म्हणायचं. नातवाला रोज गोष्ट सांगतो म्हणायचं. मास्तर होतो म्हणायचं नाही, 'शिक्षणक्षेत्रात होतो' म्हणायचं. धोतर नको, पँट. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की पोराचा प्रवेश खरंच यावर अडलाय का.

"अण्णा, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे," सुहास म्हणाला.

त्या हवेचं सोडलं, तर गुरुजींच्या तोंडून कधी खोटं निघालं नव्हतं. पण नातवासाठी मान डोलावली. माया माणसाला काय काय करायला लावते!

सोमवारी मुलाखत. खोली अशी गार, की द्राक्षं ठेवावीत. आईबापांची इंग्रजी बोलून झाली. मग मॅडमनी रिवांशला कागद दिला. घर काढ म्हणाल्या, आणि कोण कुठं झोपतं ते दाखव. पोरानं आईपप्पांचा पलंग काढला, आपला काढला, सोफा काढला. कागद संपला. त्यानं दुसरा मागून घेतला, पहिल्याला लावून ठेवला, आणि दोन्ही कागदांवरून एक लांबच लांब रस्ता काढला. रस्त्याच्या टोकाला घर. त्या घरात एकटे आबा!

सुहासला त्या गारठ्यात घाम फुटला. त्यानं बापाकडं पाहिलं. सांभाळून घ्या, अशा नजरेनं. मॅडमनी विचारलं, आजोबा, तुम्ही घरीच असता ना?

गुरुजींनी चष्मा लावला. दोन्ही कागद हातात घेतले. पाठ केलेलं सगळं ओठांवर आलं असेल, पण समोर पोराचा कागद होता.

"बाई, मी गावी राहतो," ते म्हणाले. "पोरानं बरोबर काढलंय. खरं लिहिलेल्यावर फुली मारायला माझा हात उठत नाही."

गाडीत केतकी रडली. शेवटी गुरुजीच म्हणाले, चुकलं असेल तर माफ कर बाळा. ऐकताय ना मंडळी? बाप लेकाची माफी मागतोय — खरं बोलला म्हणून!

आणि तासाभरात मोबाईल वाजला. प्रवेश निश्चित, शुक्रवारच्या आत पहिला हप्ता भरावा. अहो, ज्याची भरायची तयारी, त्याला प्रवेश! रकाना होता, त्याला मार्कच नव्हते. मग मागच्या वर्षी ज्याचा प्रवेश गेला तो? त्याचा चेक वटला नव्हता!

पेढे आले. केतकी सासऱ्याच्या पाया पडली. गुरुजींना वाटलं, आता राहा म्हणतील. पिशवी त्यांनी मुद्दाम भरली नव्हती. सुहास घड्याळाकडं बघत म्हणाला, "अण्णा, आत्ता निघालो तर साडेपाचची एसटी मिळेल."

त्यांना स्वारगेटला सोडून गाडी परत निघाली. मागच्या सीटवरून रिवांशनं विचारलं, मला मुलगा झाला, की त्याचे आबा तुम्हीच ना? सुहास खूश. म्हणाला, हो रे राजा.

"मग पप्पा, तुम्ही जरा जवळच्या गावाला राहा हं. आबांचं गाव फार लांब आहे. इंटरव्ह्यूला मला तुम्हाला आणायला यावं लागेल ना."

पोर रागानं नाही बोललं, मंडळी. सोय सांगत होतं. जसं घरात पाहिलं, तसं.

आता तुमच्या मनात आलंय, सुहासनं गाडी वळवली का? धावत जाऊन बापाला एसटीतून उतरवलं का? उतरवलं म्हणालो, तर तुम्ही डोळे पुसाल आणि हलके होऊन पंगतीला बसाल. म्हणून खरं तेच सांगतो. नाही वळवली. मागून हॉर्न वाजत होते. तो घरी गेला.

घरं महाग झाली, शाळा महाग झाल्या. हप्त्याखाली वाकलेल्या माणसाला मी हसत नाही, मला त्याची कीव येते. पण इथं बसून सुहासला नावं ठेवणं फुकट आहे, म्हणून आपण भरपूर ठेवतो! तसं करू नका. आज जेवताना आपल्या पोराला जवळ घ्या आणि विचारा, बाळा, म्हातारपणी मी कुठं राहू? त्याला विचार करावा लागायचा नाही. उत्तर त्यानं तुमच्याच घरात पाठ केलंय.

आहे कुणात धीर? नसेल, तर वाजवा टाळी आणि घ्या देवाचं नाव. देवाचं बरं आहे, तो दीड फुटाच्या देव्हाऱ्यात मावतो. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!