सातवा रकाना : पक्ष्याचा अर्थ

मावशी : आधी तो मोबाईल डब्यात टाक. झाकण लाव. हं, आता बोल.

भाचा : अगं मावशी, मी तुझा सख्खा भाचा आहे!

मावशी : भाचा आहेस आणि पुस्तक-तपासणी कचेरीत वाचकही आहेस. डबा त्या वाचकासाठी.

भाचा : बरं बाई. हे तुझ्या कादंबरीचं बाड. छापायची परवानगी हवी असेल तर फॉर्मातला सातवा रकाना भरावा लागतो. ‘पक्षी म्हणजे काय?’

मावशी : पक्षी म्हणजे पक्षी.

भाचा : दरवर्षी भर चौकात जळतो आणि राखेतून उठतो! कोंबडी उठते का अशी?

मावशी : तुमच्या कचेरीत काय म्हणतात?

भाचा : एक म्हणतो, पक्षी म्हणजे बंड. दुसरा म्हणतो, तुझ्या कादंबरीतल्या शहरात वर बघायला बंदी आहे, म्हणजे पक्षी ही आशा आहे, आणि आशा बंडापेक्षा वाईट. तिसऱ्याने तर पिसं मोजली.

मावशी : निघालं काही?

भाचा : सदतीस. कशाशीच जुळेना, म्हणून तो जास्त घाबरलाय.

मावशी : हसवू नकोस. हसवून माणसाला बोलतं करायचं हे तुम्हाला शिकवतच असतील.

भाचा : मला त्या अर्थांशी काही देणंघेणं नाही. मला शेवटच्या प्रकरणाचं विचारायचंय. राखेतून नवाकोरा निघालेला पक्षी लंगडतो कसा?

मावशी : वय झालंय त्याचं.

भाचा : नवाकोरा, असं तूच लिहिलंयस. पान दोनशे अकरा. भिंत धरून जिना उतरतो. डावा पाय आडवा टाकतो. मध्येच पायरीवर बसून घोटा चोळतो. पंख असलेला पक्षी जिना कशाला उतरेल, मावशी? हे तू मनाने रचलेलं नाहीस. कुणाला तरी बघून लिहिलंयस.

मावशी : समोरच्या शिवणवाल्या बाईंना.

भाचा : त्या आत्ताच धडधडत जिना उतरून गेल्या, माझ्यासमोर. ही आई आहे ना?

मावशी : काहीतरीच बोलू नकोस! तुझी आई जाऊन सात वर्षं झाली. कोठडीतून ती वारल्याचा कागद आला, तूच घेतलास हातात. आणि लंगडायला काय झालं होतं तिला? धरून नेलं तेव्हा चांगली चालत गेली गाडीपर्यंत.

भाचा : तेच तर म्हणतोय. फाईल वाचलीय मी तिची. ‘भिंतीवरून उडी. डावा घोटा मोडला. फरार.’ स्वतःची लाज झाकायला त्यांनी तो कागद पाठवला.

मावशी : फाईल तुला कुणी दाखवली?

भाचा : चोरून वाचली. त्यासाठीच धरली ही नोकरी. चार वर्षं लोकांच्या कादंबऱ्या नासवतोय.

मावशी : असं तू म्हणतोस.

भाचा : असं मी म्हणतो. दुसरा पुरावा नाही माझ्याकडे. पण ती फाईल आमच्या कचेरीच्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय, आणि उद्या हे बाड त्यांच्याच टेबलावर जाणार. डावा घोटा वाचला की ओळखतील ते. ते लंगडणं काढून टाक. आत्ता.

मावशी : वा रे वा! काढलं की मी कबूल केल्यासारखंच की.

भाचा : नाही काढलंस तर उद्या संध्याकाळी दारात गाडी उभी राहील. तू कितीही घट्ट असलीस तरी तिचा ठावठिकाणा काढतील तुझ्याकडून.

मावशी : आणि तुला साहेबांनीच पाठवलं असेल तर?

भाचा : हा घे कागद. बाडाच्या प्रत्येक पानावर असतो तसा कचेरीच्या शिक्क्याचा, पण कोरा. आणि ही... ही खाली माझी सही.

मावशी : कोऱ्या कागदावर सही? डोकं फिरलंय का? मी काहीही लिहीन यावर.

भाचा : लिही ना. दोनशे अकरावं पान नव्याने लिही, नाहीतर माझ्या नावाने कबुलीजबाब लिहून साहेबांना दे. सातव्या रकान्यात मी ‘ऋतुचक्र’ लिहितो. ऋतुचक्राला अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

(मावशी कागद उजेडात धरून शिक्का बघते, मग तो पुढ्यात ओढते.)

मावशी : पेन दे इकडे. उडवते त्याला. लिहिताना तो घोटा कधी शिरला, माझं मलाच कळलं नाही रे.

भाचा : म्हणजे आहे. आई आहे.

मावशी : पत्ता विचारलास तर कान लाल करीन.

भाचा : नाही विचारत. मी कुठे नोकरीला आहे, ते ठाऊक आहे तिला?

मावशी : आहे. म्हणूनच म्हणाली, त्याला काही सांगू नकोस.

भाचा : माझ्यावर विश्वास नाही तिचा.

मावशी : नाही. आणि त्याचं तिलाच वाईट वाटतं, रडते बिचारी. मग डोळे पुसून दर खेपेला विचारते, अजून नखं खातो का गं तो?

भाचा : सोडली म्हणून सांग.

मावशी : हात दाखव आधी.